धडगावातून ऑनलाइन ग्लोबल हेल्थ एमएस्सी जमेल का?

सातपुडा_सीएचओ: धडगाव तालुक्यात आरोग्य उपकेंद्र सांभाळते. ग्लोबल हेल्थ आणि शाश्वत विकास या विषयात ऑनलाइन मास्टर्स करायचं मनात आहे. पावसाळ्यात रेंज जाते. शिवाय परदेशी विद्यापीठाचं शिकून इथल्या कमी वजनाच्या बाळाला काय उपयोग?

लातूरची_डॉक्टर: ताई, उपयोग आहे, नक्की करा! 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला गडचिरोलीचा अभ्यास वाचा. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित गावकरी स्त्रियांकडून घरीच नवजात बाळांची काळजी घेतली, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्के कमी झाला. तुमच्या आशाताई आज बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हेच काम आहे. संयुक्त राष्ट्रांचं शाश्वत विकासाचं तिसरं उद्दिष्ट म्हणतं, 2030 पर्यंत नवजात मृत्युदर हजार जिवंत जन्मांमागे 12 किंवा त्याहून खाली आणा. बाळांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तुमच्या रजिस्टरमधूनच वरच्या कार्यालयांकडे जातात.

मी लंडनच्या विद्यापीठाचा दूरशिक्षण कोर्स करतेय. साहित्य आधी डाउनलोड करून ठेवते, लाइव्ह वर्ग हुकले तरी चालतं. साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र मात्र जड जातं; तिथे घाई नको.

जळगावकर: सरकारी बढतीसाठी हवी असेल तर पदवीची मान्यता लेखी विचारून घ्या, फी नंतर भरा.

सातपुडा_सीएचओ: डॉक्टर, संख्याशास्त्राला आधी काय वाचू?