नवे उपकरण सर्वांत आधी घेतल्यावर कंपनी तुमच्याशी कशी वागली?

उपकरण बाजारात येताच ते घेणाऱ्याला कंपन्या 'आमच्या परिवाराचे सदस्य' म्हणतात. पैसे पोहोचल्यावर हे नाते किती टिकते, ते मात्र अनुभवानेच कळते. २००७ साली पहिला आयफोन विक्रीला आल्यावर दहा आठवड्यांच्या आत ॲपलने ५९९ डॉलरची किंमत ३९९ वर आणली. आधी घेतलेल्यांनी ओरड केली, तेव्हा स्टीव्ह जॉब्ज यांनी जाहीर पत्रातून दिलगिरी व्यक्त करून त्यांना १०० डॉलरची भरपाई देऊ केली, पण तीही ॲपलच्याच दुकानात खर्च करण्यासाठी. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत. तक्रार असल्यास कंपनीचे नाव टाळावे, वागणूक कळली तरी पुरे.

रात्रपाळी

माझ्या बिनतारी इअरफोनमध्ये चालताना दर काही पावलांनी 'टक्' असा आवाज येई. कळवल्यावर चार दिवस 'रीसेट करून पाहावे' एवढेच उत्तर येत राहिले. शेवटी फर्मवेअरचा (उपकरणातील अंगभूत सॉफ्टवेअरचा) क्रमांक, फोनचे मॉडेल आणि त्या आवाजाचे ध्वनिमुद्रण पाठवले, तेव्हा एका अभियंत्याने थेट ईमेल करून विचारले, की फोन उजव्या खिशातून डाव्या खिशात ठेवल्यास आवाज थांबतो का. थांबत होता. ब्लूटूथच्या लहरी शरीरात बऱ्याच शोषल्या जातात, त्यामुळे मुख्य, म्हणजे फोनशी थेट जोडलेला, इअरफोन ज्या बाजूचा, त्याच बाजूला फोन असला तर संपर्क तुटत नाही, हे त्यांनीच समजावले. पुढे तीन आठवडे ते चाचणीची आवृत्ती पाठवत आणि मी दोन्ही खिशांत फोन ठेवून फेऱ्या मारत असे. दोष गेला. अपडेटच्या टिपणात मात्र 'स्थैर्यात सुधारणा' एवढाच उल्लेख होता. तरीही त्या कंपनीचे पुढचे उपकरण मी घेतले, ते त्या एका माणसामुळे.

जुनी खोडी

माझा अनुभव उलट आहे. घरातील दिवे आणि कुलपे जोडणारे एक यंत्र मी घेतले होते. ती कंपनी विकली गेली, सर्व्हर बंद झाले आणि यंत्रावर उरला तो लुकलुकणारा नारिंगी दिवा. आगाऊ सूचना म्हणून एक ईमेल आला, त्यालाही उत्तर पाठवता येत नव्हते. असे प्रकार मोठ्या घराण्यांतही घडलेले आहेत. गूगलच्या छत्राखालील नेस्टने २०१४ मध्ये विकत घेतलेल्या रिव्हॉल्व्ह या कंपनीचे हब, म्हणजे असेच घरातील उपकरणे जोडणारे यंत्र, मे २०१६ मध्ये निकामी झाले. त्याच गूगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया ही व्हिडिओ गेमची सेवा बंद करताना मात्र स्वतःच्या दुकानातून विकलेल्या उपकरणांचे आणि खेळांचे पैसे परत केले. म्हणजे इच्छा असली तर हे जमते.

बिनबोभाट

निन्टेंडोचे थ्रीडीएस हे हातात धरून व्हिडिओ गेम खेळण्याचे उपकरण २०११ मध्ये आले आणि सहा महिन्यांच्या आत अमेरिकेतील किंमत २५० डॉलरवरून १७० वर उतरली. जुन्या ग्राहकांना 'राजदूत' म्हणवून वीस जुने खेळ मोफत दिले गेले; त्यांपैकी गेमबॉय ॲडव्हान्स या निन्टेंडोच्याच जुन्या उपकरणाचे दहा थ्रीडीएसवर इतरांना कधीच विकत मिळाले नाहीत. भरपाई देताना मानही द्यावा, हे त्यांना नेमके कळले होते.

अर्धी बॅटरी

मी एका घड्याळाच्या चाचणी गटात होतो. गोपनीयतेचा करार आठ पानांचा, आणि दर शुक्रवारी येणाऱ्या प्रश्नावलीत पट्ट्याचा रंग, खोक्याची ठेवण, 'मित्राला सुचवाल का' असे सगळे प्रश्न असत. रात्री चार्जरवर ठेवलेले घड्याळ सकाळी निम्मेच भरलेले असे, आणि ते लिहायला प्रश्नावलीत रकानाच नव्हता. मी ते 'पट्ट्याविषयी अन्य अभिप्राय' या चौकटीत सहा शुक्रवार लिहिले. सातव्या शुक्रवारी आभाराचे पत्र आले, त्यासोबत एक जादा पट्टा होता.