मदत हवी आहे: केनियात उतरल्यावरचे पहिले दोन दिवस

जय ख्रिस्त! जालन्याहून आमच्या मंडळीतले काही जण जुलैमध्ये सेवेसाठी केनियाला, किसुमूजवळच्या एका मंडळीकडे निघालोय. ईटीए (केनियात जायचा प्रवेश-परवाना) ऑनलाइन काढतोय. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, त्या लसीचं कार्ड परतताना भारतातही दाखवावं लागतं, हे कळलंय. केनियात 2017 पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी असल्याने सामान कापडी पिशव्यांतच भरणार.

खरी काळजी उतरल्यानंतरची. सोबतच्या एका मावशींना शुगर आहे, इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवू. पण नैरोबीहून लगेच बसने किसुमू गाठावं, की एक रात्र थांबावं? मला थांबणंच बरं वाटतं. जुलैत नैरोबीत गारठा असतो म्हणे, मग स्वेटर वरच ठेवावेत ना? किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे आणि तिथे मलेरियाचा जोर असतो, तर जाऊन आलेल्यांनी तो टाळायच्या गोळ्या कधीपासून सुरू केल्या होत्या? डॉलर विमानतळावरच बदलावेत का?

आणि यजमान घरांसाठी काय न्यावं? त्यांच्यावर आपला भार पडू नये, एवढंच मनात आहे. जाऊन आलेल्या दादा-ताईंनी कृपया सविस्तर सांगा.