चिंगीला घेऊन वेंगुर्ल्याला: रेल्वेने न्यावे की मोटारीने?

प्रश्न (डोंबिवलीहून)

नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस मी, यजमान, मुलगा आणि सासूबाई असे चौघे दहा दिवसांसाठी वेंगुर्ल्याजवळ माझ्या माहेरी जाणार आहोत. आमची आठ वर्षांची लॅब्रॅडॉर चिंगी हिलाही या वेळी नेण्याचे ठरवले आहे. गेल्या वर्षी तिला बोर्डिंगमध्ये ठेवले, तेव्हा तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही आणि घरी आणल्यावरही आठवडाभर ती माझ्या पायाशीच बसून राहिली. पुन्हा तिला तसे एकटे ठेवण्याची माझी तयारी नाही.

मोटारीने जायचे तर अंतर सुमारे पाचशे किलोमीटर आहे. सासूबाईंचे गुडघे इतका वेळ बसू देत नाहीत आणि वळणाचा रस्ता लागला की चिंगीला ओकारी होते. कोकणकन्या एक्सप्रेसच्या प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातून तिला नेता येते असे ऐकले आहे. त्याची पद्धत कोणी सविस्तर सांगेल का? शिवाय तिने समुद्र कधीच पाहिलेला नाही, तेव्हा तिकडे कोणती काळजी घ्यावी, हेही सांगावे.

उत्तर १ (ठाण्याहून)

आम्ही आमच्या कुत्र्याला दोनदा रेल्वेने कोकणात नेले आहे. स्लीपर, थ्री टायर आणि टू टायर या डब्यांतून कुत्रा नेता येत नाही. प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यात नेता येतो, पण दोन शायिकांचा कूपे किंवा चार शायिकांची केबिन संपूर्णपणे आपल्याच मंडळींच्या नावावर असेल तरच. आपण चौघे आहात ही मोठी सोय आहे. चारही तिकिटे एकाच पीएनआरवर काढावीत. मात्र तिकीट निश्चित झाले म्हणजे केबिन मिळाली, असे समजू नये, कारण कोणाला कोणती केबिन द्यायची हे आरक्षण तक्ता तयार होताना ठरते. म्हणून सोबत कुत्रा असल्याचे कळवून पूर्ण केबिन मिळावी, असा लेखी अर्ज रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे आधीच द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

प्रवासाच्या दिवशी गाडी सुटण्यापूर्वी किमान दोन-तीन तास पार्सल कार्यालयात पोहोचावे. तिकीट, ओळखपत्र, रेबीजच्या लसीची नोंद असलेले कार्ड आणि पशुवैद्यांनी दिलेला प्रवासयोग्यतेचा दाखला दाखवून तिचे भाडे भरावे व पावती घ्यावी. पावतीविना कुत्रा आढळल्यास दंडासह आकारणी होते. ठाण्याला गाडी अगदी थोडा वेळ थांबते, त्यामुळे आपण मुंबईहूनच बसावे.

केबिन न मिळाल्यास गार्डच्या डब्यातील पेटीचा पर्याय उरतो. पहिल्या खेपेला आम्ही तो स्वीकारला आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. लोखंडी पेटीत, सतत खडखडाटात, रात्रभर एकटा राहिलेला तो मुका जीव सकाळी बाहेर आला तेव्हा थरथरत होता. मार्गात आपल्याला त्याच्याजवळ जाताही येत नाही. आठ वर्षांच्या, एकटेपणाने खचणाऱ्या चिंगीला त्यात ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. त्यापेक्षा खेडला किंवा चिपळूणला एक मुक्काम करून मोटारीने जावे.

उत्तर २ (कोल्हापूरहून, पशुवैद्य)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. प्रवासाआधी पाच-सहा तास जेवण देऊ नये; पाणी मात्र थोडे थोडे देत राहावे. ओकारीसाठी आपल्या डॉक्टरांकडून वजनानुसार औषध लिहून घ्यावे. माणसांच्या गोळ्या किंवा झोपेचे औषध स्वतःच्या मनाने कदापि देऊ नये. मोटारीने गेल्यास दर दोन तासांनी तिला खाली उतरवावे आणि पाच मिनिटांसाठीसुद्धा बंद गाडीत ठेवू नये. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकूनच शरीर थंड ठेवते, आणि कोकणच्या दमट हवेत त्याचा उपयोग कमी होतो.

निघण्यापूर्वी गोचिडांवरचे औषध द्यावे, कारण गावातील गुरांमुळे गोचीड हमखास लागतात आणि त्यांतून येणारा ताप वयस्क कुत्र्याला फार खाली आणतो. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगावरची) लस वर्षभरात झाली आहे ना, हेही पाहावे.

किनाऱ्यावर माझी सर्वांत मोठी भीती केंड माशाची आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढल्यावर नको असलेले मासे वाळूत टाकले जातात आणि त्यांत केंड असतात. त्यांचे विष शिजवूनही जात नाही व त्यावर उतारा नाही. लॅब्रॅडॉर जे दिसेल ते तोंडात घेणारी जात आहे, तेव्हा तिला रापणीच्या जागेपासून दूरच ठेवावे. खारे पाणी प्यायल्याने उलट्या व जुलाब होतात, म्हणून गोडे पाणी सोबत ठेवावे. जांभ्याच्या सड्यावर (खडकाळ माळावर) संध्याकाळनंतर फिरवू नये. तिथे फुरशी हे विषारी साप असतात. दंश झाल्यास जखम कापणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.

उत्तर ३ (वेंगुर्ल्याहून)

ताई, माहेरी येताय, आनंद आहे. एक विनंती मनापासून करतो. आपल्याकडे वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. हा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च असतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पिल्लेही बाहेर पडू लागतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. कुत्र्याने वाळू उकरली तर काही मिनिटांत सारे संपते. गावातले लोक रात्री जागून ही अंडी राखतात. म्हणून चिंगीला किनाऱ्यावर साखळीविना सोडू नका आणि अंधार पडल्यावर नेऊच नका.

रात्री तिला पडवीत बांधू नका, घरातच घ्या. बिबट्या वस्तीत येतो तो बहुधा कुत्र्यासाठीच.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांची मी ऋणी आहे. तिकिटे एकाच पीएनआरवर काढली असून अर्ज उद्याच देते. केबिन मिळाली नाही तर चिपळूणला मुक्काम करून मोटारीने येऊ. पेटीचा विचार मनातून काढून टाकला आहे. कासवांचे माझ्या ध्यानीही आले नव्हते. लांब साखळी आजच आणली, आणि सकाळी उजाडल्यावरच तिला समुद्र दाखवायचा, असे मुलाला बजावले आहे.