मदत हवी आहे : डिपेश मोडच्या 'कंडेम्नेशन'मधील गॉस्पेल

सप्रेम नमस्कार. इंग्लंडमधील बॅसिल्डन येथे १९८० साली स्थापन झालेल्या आणि सिंथेसायझरच्या संगीतावर नाव कमावलेल्या 'डिपेश मोड' या बँडचे 'कंडेम्नेशन' हे १९९३ मधील सिंगल (अल्बमखेरीज स्वतंत्रपणे प्रसिद्ध केलेले गाणे) मी सध्या बारकाईने ऐकत आहे. रचना मार्टिन गोर यांची, गायन डेव्ह गहान यांचे. आणि हा आवाज येथे इतका मोकळा व आर्त लागला आहे की, त्यांच्या सर्वोत्तम गायनांत मी त्याची गणना करतो. अल्बममधील मूळ रूप मला अधिक भिडते. सिंगलसाठी केलेल्या रूपात स्त्रियांचे साथस्वर आल्यामुळे ते चर्चमधील समूहगायनाच्या जवळ जाते.

मुख्य गायकाने ओळ उचलावी आणि वृंदाने तिला उत्तर द्यावे, ही गॉस्पेलची, म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनाची, रीत मला ठाऊक आहे. परंतु या गाण्यातील स्वरांची वळणे, पियानोची साथ आणि टाळ्यांसारखा ठेका यांपैकी नेमके काय त्या परंपरेतून आले आहे, हे चर्चच्या गायनवृंदात गायलेल्या किंवा पाश्चात्य स्वरसंवादाचा अभ्यास असलेल्या कोणी उलगडून सांगेल का? तसेच शिकागोचे गॉस्पेल रचनाकार थॉमस डॉर्सी आणि गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन यांच्या कोणत्या ध्वनिमुद्रणांपासून ऐकण्यास सुरुवात करावी, हेही कृपया सुचवावे.