मदत हवी आहे: स्पेल कंपाइल केल्यावरही वागणूक तीच कशी राखायची?

नमस्कार मंडळी. सवलतीचे नियम आम्ही स्पेलमध्ये (SpEL, स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कची एक्स्प्रेशन लिहायची छोटी भाषा) लिहितो. वेगासाठी तिचा कंपायलर सुरू करायचाय (स्प्रिंग 4.1 पासून आहे, मुळात बंद असतो). पण तो आधीच्या इंटरप्रिटेड फेरीत (कंपाइल न करता, एक्स्प्रेशन वाचत वाचत चालवताना) दिसलेले टाइप धरून बाइटकोड (जावा मशीन चालवतं तो कोड) बनवतो, आणि आमच्या लिस्टमध्ये एकाच नावाची प्रॉपर्टी असलेले दोन वेगळे क्लास येतात. कंपायलरच्या इमिजिएट मोडमध्ये (लवकरात लवकर कंपाइल करणारा) दुसरा क्लास आला की थेट एक्सेप्शन. मिक्स्ड मोड (दोन्ही पद्धतींत अदलाबदल करणारा) गुपचूप इंटरप्रिटरकडे परततो, पण एक्स्प्रेशन अर्धं चालून गेलं असेल तर आतली मेथड पुन्हा चालणार! पैशांच्या हिशेबात हे अजिबात परवडणारं नाही. दोन्ही क्लासना एकच इंटरफेस देऊन कोणाचं भागलंय का? आणि तोच टेस्टचा संच कंपायलर बंद व चालू ठेवून, टाइपचा क्रम बदलत कसा चालवता?