मदत हवी आहे: गिरगावातल्या जुन्या चाळीतली मधली खोली, सिमेंटचा गिलावा काढू का?

नमस्कार मंडळी,

गिरगावात आमच्या एकापाठोपाठ एक तीन खोल्या आहेत. गॅलरीला लागून बाहेरची, मग मधली, मग मोरी असलेलं स्वयंपाकघर. इमारत पागडीची (एकदा मोठी रक्कम देऊन पुढे थोड्या भाड्यात राहायचं, अशी), तळमजला अधिक तीन. जिन्याच्या कमानीवर १९२६ कोरलंय. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, त्यामुळे मधल्या खोलीची एक भिंत घरगल्लीवर (दोन इमारतींमधल्या सांडपाण्याच्या अरुंद बोळावर) येते. भिंती दीड फुटी, वीट आणि चुन्याच्या. वर सागवानी तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत. बाबा गेल्यावर आई (वय ७३) इथे एकटी होती, म्हणून गेल्या वर्षी मी ठाण्याहून परत आले. पुनर्विकासाची बोलणी मी शाळेत होते तेव्हापासून ऐकतेय. तो होईल तेव्हा होईल. आईला आत्ता कोरड्या भिंतीच्या घरात राहायला मिळावं, एवढ्यासाठी मी हे काम हाती घेतलंय.

आई घर सोडून कुठे जायला तयार नाही, म्हणून एका वेळी एकच खोली. मी शनिवार-रविवार काम करते. बाबा गिरणीत फिटर होते. त्यांची हत्यारांची पेटी पोटमाळ्यावर होती. पटाशी, ओळंबा, गुण्या, सगळं तेल लावून कापडात गुंडाळून ठेवलेलं. शिकत शिकत चाललंय.

बाहेरची खोली गेल्या हिवाळ्यात झाली. सर्वांत जास्त वेळ दारांनी खाल्ला. ऑइलपेंटचे सहा थर निघाले. इथे एक सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं: जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत ठेवण्याचा नियम २०१६ चा, आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा कुठलाही थर संशयाचाच. मी पहिला अर्धा दिवस कोरडा पॉलिशपेपर मारला, सगळीकडे धूळ. नंतर कळलं तेव्हा आईला खालच्या काकूंकडे पाठवलं, दार ओलं करून खरवडलं, चांगला मास्क लावला आणि लादी ओल्या फडक्यानेच पुसली. वायरिंगला मी हात लावला नाही. लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरी आणि चिनी मातीचे फ्यूजचे कटआउट होते, अर्थिंग नव्हतंच. परवानाधारक वायरमनकडून करून घेतलं: दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, मोठ्या प्लगला अडीचची, गिझरसाठी चारची, आणि मुख्य बोर्डाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. सामान मात्र लोहार चाळीतून मी स्वतः आणलं.

आता मुद्द्यावर येते. मधल्या खोलीच्या घरगल्लीकडच्या भिंतीला पंधराएक वर्षांपूर्वी बाबांनी सिमेंटचा गिलावा करून वर प्लास्टिक पेंट मारून घेतला होता. पहिल्याच पावसाळ्यात पोपडे सुटले. तेव्हापासून दर दोन वर्षांनी पुट्टी, रंग आणि पुन्हा पोपडे. भिंतीला पांढरा लोणा लागलाय, हात फिरवला की पिठासारखा हाताला येतो. छातीइतक्या उंचीपासून वर, जवळजवळ तुळईपर्यंत. आईची खाट त्याच भिंतीला आहे आणि तिला पहाटे खोकला येतो.

माझा विचार असा: सगळा सिमेंट गिलावा छिन्नीने काढायचा आणि चुन्याचा करायचा. चुन्याचा गिलावा कुणी स्वतः केला आहे का? प्रमाण काय घ्यायचं, थर किती जाड, वाळायला किती दिवस? दुसरं, मामेभाऊ म्हणतो की हात लागलाच आहे तर जुन्या नक्षीच्या लाद्यांवरच व्हिट्रिफाइड टाइल बसवून टाक, खोली उजळेल. लाद्या चांगल्या आहेत, फक्त काळवंडल्यात आणि चार फुटल्यात. काय करू?

– मधलीखोली

चुनाभट्टीवाला

ताई, गिलावा काढायचा विचार बरोबर आहे. चुन्याची भिंत पाणी घेते आणि सोडते. वर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की घ्यायचं चालू राहतं, सोडायचं बंद होतं. मग क्षार गिलाव्याच्या मागे साठतात, त्यांचे स्फटिक होतात आणि तेच पोपडा ढकलतात. पुट्टीने हे कधीच थांबणार नाही.

पण आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आहात. जमिनीतली ओल तिथवर चढत नाही. तुमचा लोणा छातीपासून वर आहे, म्हणजे पाणी वरून किंवा बाहेरून येतंय. घरगल्लीत डोकावून त्या भिंतीला काय आहे ते बघा. बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाइप? पिंपळ? ते सापडेपर्यंत छिन्नी हातात घेऊ नका. नाहीतर तुमचा नवा चुनाही दोन पावसाळ्यांत खारावेल.

तिसरामजला

लादीबद्दल. कृपया वर टाइल बसवू नका. मी स्थापत्यातली आहे, हिशोबच मांडते. तुमची खोली १० बाय १२ धरली तर साधारण ११ चौरस मीटर. टाइलखाली २ इंच सिमेंट-वाळूचा माल घातला तर त्याचंच वजन हजार-अकराशे किलो. टाइलचे आणखी अडीचशे. म्हणजे सव्वा टनाहून जास्त भार तुम्ही शंभर वर्षांच्या लाकडावर कायमचा ठेवणार. माणसं येतात-जातात, हा भार रात्रंदिवस तिथेच. लाकूड अशा भाराखाली हळूहळू वाकतं.

जुन्या नक्षीच्या लाद्या सिमेंटच्या असतात. त्यांना ॲसिड अजिबात लावू नका, रंगाचा थरच खाल्ला जातो. स्वयंपाकघरात शहाबादी असेल तर तिलाही नाही, तो चुनखडीचा दगड आहे. सौम्य साबण, ब्रश, भरपूर धीर, आणि पूर्ण वाळल्यावर मेण. फुटलेल्या चार लाद्यांसाठी: भारत फ्लोअरिंग टाइल्स ही मुंबईचीच कंपनी १९२२ पासून अशा लाद्या करते. तिथे नमुना दाखवून बघा.

मधलीखोली

दोघांचे मनापासून आभार. टाइलचा विषय बंद. मामेभावाला आकडा सांगितला, तोही गप्प झाला.

घरगल्लीत काल सफाईवाल्या दादांबरोबर उतरले. वरून येणारा बिडाचा पाइप आमच्या भिंतीला चिकटून जातो आणि तिसऱ्या मजल्याखालचा त्याचा जोड पाझरतोय. त्या जोडाशीच हातभर पिंपळ आहे. मुळं विटांच्या सांध्यात शिरली आहेत. आईला सांगितलं तर म्हणाली, "तो पिंपळ तुझे बाबा दर श्रावणाआधी काठीने तोडायचे." म्हणजे किती वर्षांपासूनचं आहे बघा.

आणखी एक दिसलं, त्याने माझी झोप उडाली आहे. आतल्या बाजूने त्याच उंचीवर एका तुळईचं टोक भिंतीत जातं. तिथला रंग खरवडून स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो अर्धा इंच सहज आत गेला. भिंतीपासून सात-आठ इंचांपर्यंत असंच, पुढे लाकूड टणक आहे. ठोकल्यावर टोकाला बद्द आवाज येतो, मधे खणखणीत. यात काही केमिकल भरून चालेल का? लोखंडी टेकू मी स्वतः लावू का?

जुनंसागवान

थांबा. गिलाव्याचं काम आहे तिथे बंद ठेवा, छिन्नीचे हादरेसुद्धा त्या टोकाला नकोत. आईंची खाट आजच बाहेरच्या खोलीत न्या आणि त्या तुळईखाली कुणी झोपू नये.

मी सुतारकामात तीस वर्षं आहे. सागाला वाळवी सहसा लवकर धरत नाही, पण ओल्या भिंतीत अडकलेलं टोक कुजतं. तुमचा लोणा आणि तुमची तुळई हा एकच आजार आहे, दोन्हीला पाणी त्या जोडातून आलं. कुजलेल्या लाकडात केमिकल भरून ताकद येत नाही, फक्त वरून कडक लागतं.

टेकूबद्दल नीट वाचा. टेकू तुमच्या लादीवर उभा केला तर वरचा सगळा भार तुमच्या खालच्या कडीपाटावर एका बिंदूत उतरतो, म्हणजे खालच्या काकूंच्या डोक्यावर. टेकू तळमजल्यापर्यंत एकाखाली एक द्यावे लागतात, खाली जाड फळी घालून. ते इंजिनिअरने सांगितल्याशिवाय करू नका. पुढची दुरुस्ती अशी होते: कुजलेला भाग कापून जुन्या, मुरलेल्या सागाचा तुकडा जोडायचा, दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. रे रोडच्या लाकूडबाजारात जुनं सागवान बघा. आणि टोक भिंतीत बसवताना भोवती सिमेंट ठासू देऊ नका, हवा खेळायला थोडी फट हवी. गवंडी सवयीने फट बुजवतात, समोर उभं राहून बघा.

एक विनंती, मधल्या खोलीला पीओपीची फॉल्स सीलिंग कधीही करू नका. तुळया उघड्या होत्या म्हणून तुम्हाला हे दिसलं.

तिसरामजला

कागदाची बाजू. तुमची इमारत १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) असेल तर 'अ' वर्गातली. भाड्याच्या पावतीवर दुरुस्ती उपकर आहे का बघा. असेल तर तुळई, बाहेरची भिंत, पाइप हे म्हाडाच्या इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाच्या कामात येतं. मंडळाच्या तुमच्या विभागातल्या कार्यालयात फोटोसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. घरमालकालाही त्याच दिवशी पत्र द्या. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं ही त्यांची जबाबदारी आहे. तुमच्या स्वतःच्या कामालाही त्यांची लेखी संमती हातात ठेवा, पागडीच्या घरात पुढे वाद झाला तर हाच कागद कामी येतो. गिलावा, रंग, लादी अशा किरकोळ दुरुस्तीला महापालिकेची परवानगी लागत नाही. तुळई आणि भार घेणाऱ्या भिंतीला हात लावणं वेगळं, तिथे इंजिनिअर आणि परवानगी दोन्ही हवं.

चुनाभट्टीवाला

तुळई होईपर्यंत वेळ आहे तर चुना भिजत घाला, जितका मुरेल तितका बरा. कळीचा चुना (भट्टीतून आलेला, पाणी न लागलेला) पाण्यात विरवताना पाणी उकळतं, डोळ्यांना गॉगल आणि हातात रबरी मोजे हवेतच. आईंना आणि मुलांना लांब ठेवा. एक भाग मुरलेला चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू. समुद्राची वाळू नको, मीठ आपणच भिंतीत घालू. थोडी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी, मिसळली तर मुंबईच्या दमट हवेत माल लवकर धरतो.

सिमेंट काढल्यावर सांधे अर्धा इंच खरवडा, क्षार कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात गोळा करा, धुवू नका, धुतलं की ते परत आत जातात. मग भिंत उघडीच ठेवा. दीड फुटी भिंत एका महिन्यात वाळत नाही, घाई केलीत तर सगळं फुकट. गिलाव्याच्या आदल्या दिवशी हलकं पाणी मारा. पहिला थर दहा-बारा मिलिमीटर, तो घट्ट होईपर्यंत आठवडाभर थांबा, मग पातळ दुसरा. चारसहा दिवस ओलं गोणपाट लावा. शेवटी चुन्याचीच सफेदी, तीन पातळ हात. पावसाळ्यात यातलं काहीही करू नका, दिवाळीनंतर सुरू करा.

मधलीखोली

कळवायला बरेच महिने लागले, क्षमस्व.

पावतीवर उपकर होता. मंडळात चार खेपा झाल्या. आम्ही सहा भाडेकरूंनी मिळून स्वतःचाही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला. आमच्या तुळईबरोबर खालच्या मजल्यावरच्या एका तुळईचं टोकही गेलेलं निघालं, तीच बाजू, तोच पाइप. तीन मजल्यांवर एकाखाली एक टेकू लागले. खालच्या काकूंनी कपाट हलवून जागा करून दिली आणि टेकू उभे असेपर्यंत दोन महिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. पाइपचा जोड बदलला. पिंपळ मुळासकट काढायला विटांचे तीन थर सोडवावे लागले, ते पुन्हा बांधले. आमच्या तुळईला सव्वादोन फुटांचा नवा तुकडा जोडला. टोकाभोवती फट राहिली आहे, मी बॅटरी लावून पाहिली.

मग मी सिमेंट काढलं. पाच रविवार लागले, एकवीस गोणी डेब्रिज निघालं, ते पालिकेच्या डेब्रिज सेवेला पैसे भरून उचलवून घेतलं. खाली विटा इतक्या सुंदर निघाल्या की आई खुर्ची टाकून बघत बसली होती. सध्या भिंत उघडी आहे. पहाटेचा खोकला खाट हलवल्यापासूनच कमी झाला. देव्हारा स्वयंपाकघरात नेलाय, अर्ध्या लाद्या साबणाने घासून झाल्या आहेत. खालून हिरवा आणि लालसर रंग वर आला.

भिंत पुढच्या दिवाळीपर्यंत अशीच ठेवणार, गिलावा तेव्हाच. मोरीचं काम त्यानंतर.

चुना पोटमाळ्याखालच्या पिंपात मुरतोय. सुरखी मात्र अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी दिली ती नुसती लाल माती होती, पाण्यात टाकल्यावर विरघळली. दक्षिण मुंबईत भाजलेल्या विटेची खरी सुरखी कुठे मिळते, की जुन्या विटा आणून मीच कुटून चाळू? आमच्याच पाडलेल्या भिंतीतल्या चाळीसेक विटा बाजूला ठेवल्या आहेत. त्या चालतील का, की त्यांत क्षार असतील?

चुनाभट्टीवाला

त्या विटा नको, क्षार आहेतच. नव्या, नीट भाजलेल्या, ठोकल्यावर खणखणणाऱ्या वीसेक विटा घ्या आणि घरीच कुटा. पिठाच्या चाळणीने चाळलेली बारीक भुकटी शेवटच्या थराला, जाडसर पहिल्या थराला. कुटताना मास्क लावा.