चिरेखाणीला ना हरकत द्यायची, तर खड्ड्याचं आधी बोला

सड्यावरचा
आमच्या ग्रामसभेत एका चिरेखाणीच्या (जांभ्या दगडाचे चिरे कापायच्या खाणीच्या) ना हरकतीचा विषय येतोय. राजापूर तालुका, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. खाण नकोच असं माझं म्हणणं नाही, माझं घरही जांभ्याचंच आहे. वाद आहे तो ठरावातल्या एका नेहमीच्या ओळीवर: 'उत्खनन संपल्यावर जमीन पूर्ववत करून द्यावी.' ही अट कोणी पाळलेली मी तरी पाहिलेली नाही. शेवटचा चिरा निघाला की मशीनवाला पुढच्या गावात आणि जमीनमालक मुंबईत. पूर्ववत करायला उरतं कोण?

वाडीच्या वरच्या अंगाला एक बंद खाण आहे, जाऊन बघा. चारी बाजूंनी उभ्या भिंती, त्यावर अजून करवतीच्या रेघा. पावसात पुरुषभर पाणी साठतं. जनावर पडलं तर त्याला वर यायला वाट नाही, पोराचंही तेच होईल. मशीनची लाल भुकटी पऱ्याच्या (ओढ्याच्या) तोंडाशीच ढिगाने ओतलेली. दर आषाढात ती खालच्या मळ्यात उतरते आणि भाताच्या लावणीवर साय धरावी तशी बसते.

म्हणून माझी अट अशी: खाण पट्ट्यापट्ट्याने उघडायची. वरची माती आधी काढून वेगळी ठेवायची, तिला डबराचा गडगा (दगडी बांध) घालायचा. दुसऱ्या पट्ट्याची भुकटी आणि फुटके चिरे पहिल्या खड्ड्यात जातील, वर तीच माती पसरायची. पहिला पट्टा तलाठी आणि पंचायतीने बघून पास केल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही. म्हणजे काम चालू असतानाच भरणी होते, मशीन आणि डंपर तिथेच असतात.

खाणवाला
साहेब, परवाना महसूल खातं देतं, पंचायत नाही. रॉयल्टी आम्ही आधी भरतो, महाखनिज या सरकारी पोर्टलवर वाहतुकीचा पास काढल्याशिवाय गाडी हलत नाही. पास नसलेली गाडी सापडली तर महसूल संहितेच्या कलम ४८ (७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि वर गाडी जप्त. एवढं सगळं असताना आता पंचायत पट्टे मोजणार?

शिवाय तुमचा हिशेब कागदावरचा. पावसाचे चार महिने खाण बंद. उरलेल्या दिवसांत मजुरांची उचल, ब्लेड, डिझेल. त्यात 'तिसऱ्या पट्ट्यासाठी तपासणीची वाट बघा' म्हणालात तर तलाठी यायलाच महिना. मग चिऱ्याचा दर वाढला की बोंब मारणारेही तुम्हीच.

वरचीवाडी
तुमी मुंबयत बसान लिवतास, आमी हय रवतो. वरकस जमनीत काय पिकता? गवात. चिरो काढलो तर चार पैसे तरी गावतत.

सड्यावरचा
मी इथेच राहतो हो. सातबारा तुमचा, मान्य. पण भुकटी तुमच्या गडग्याच्या आत राहते का?

निवृत्त_मोजणीदार
खाणवाल्यांचा अधिकाराचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. पंचायतीने ना हरकत देताना घातलेल्या अटी मूळ परवान्यात उतरल्या तरच तहसीलदार त्यावर कारवाई करू शकतात. नुसत्या ठरावाच्या वहीत राहिल्या तर त्यांना किंमत नाही. तेव्हा ठरावाची प्रत अर्जासोबत जोडून घ्या आणि 'या अटी परवान्याचा भाग असाव्यात' असं त्यातच लिहा.

दुसरं, सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या निकालात सांगितलंय की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा, झाडंझुडपं आणि प्राणी यांना योग्य करावी, आणि ते खाणधारकाच्या खर्चाने. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात ही अट येते. ते पत्र मागून घ्या, सभेत वाचा. बऱ्याच ठिकाणी ते फायलीतून बाहेरच येत नाही. आणि पाच हेक्टरच्या आतली खाण म्हणून मंजुरी नको, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानेच बंद केली. एकाच सड्याचे (कातळाच्या पठाराचे) भावाभावांच्या नावाने तुकडे पाडलेले दिसले तर तिथे जरा थांबून विचारा.

पाणीवाली
सगळे खड्डा बुजवा म्हणतायत, मला ते पटत नाही. जांभा पाणी पितो. खालच्या पांढरट चिकट मातीवर ते पाणी अडतं, सरकत सरकत उतारावर झऱ्याला फुटतं. चिरा काढलात तर ती साठवणच गेली, वर भुकटी दाबून भरलीत तर पाणी मुरणारही नाही. त्यापेक्षा एका बाजूची भिंत उतरती करा, कुंपण घाला आणि खड्डा तळ्यासारखा राहू द्या. उन्हाळ्यात गुरांना तरी होईल.

आणि मुळात कुठला सडा द्यायचा हे आधी ठरवा. भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं फुलतात ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, तर आपल्याच तालुक्यात आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ ही नावं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. यादीत नसलेली चित्रं मातीखाली किती असतील कोण जाणे. माती काढायच्या दिवशी गावचं माणूस तिथे उभं पाहिजे. कातळात रेघ दिसली की मशीन बंद.

खाणवाला
तळं ठेवा म्हणणाऱ्या ताईंना माझा पाठिंबा, खर्च वाचतो. 🙂 भिंत उतरती करायला जेसीबीचे दोन दिवस लागतील, ते मी देतो. भुकटी पऱ्यापासून लांब टाकायचंही मान्य. पट्ट्यांचं मात्र नाही. फार तर अनामत घ्या.

सड्यावरचा
सगळे खड्डे तळी केलेत तर सड्याची चाळण होईल. खालच्या अंगाचा एखादा ठेवा, बाकीचे भरा. तपासणी पंधरा दिवसांत झाली नाही तर काम पुढे चालू, एवढं मी सोडायला तयार आहे. अनामत चालेल, पण किती? डंपरच्या दोन खेपांएवढी असेल तर तुम्ही ती खुशाल सोडून जाल. बाहेरून माती आणून एक खड्डा भरायला जेवढा खर्च येईल तेवढी हवी, आणि काम सुरू व्हायच्या आधी.

वरचीवाडी
अनामत कोणाच्या खात्यात? पंचायतीच्या म्हणत असशात तर आमचो विरोध. गेल्या टायमाक रस्त्यासाठी खाणवाल्यान दिलेले पैसे खय गेले ता आधी सांगा.

निवृत्त_मोजणीदार
तहसील कार्यालयाच्या नावाने बँक हमी घ्या. रोख पैसे कोणाच्याच हातात जात नाहीत.